तळं आहे, वारा कुठे?

दिवाळी आटपून आठवडा झाला होता. लेक पुण्याहून कर्जतला आली आणि चहा व्हायच्या आधीच गच्चीवर गेली, कारण तिचे काका त्या वेळी तिथेच सापडतात. माझे थोरले बंधू भिवपुरीच्या वीजघरातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण पाळी संपताना रजिस्टर भरायची सवय काही सुटलेली नाही. आता रजिस्टरच्या जागी भिंतीवरचं कालनिर्णय आहे. दुधाचे लिटर, सिलिंडर लागल्याची तारीख, डब्यात साठलेल्या पावसाचे मिलिमीटर, सगळं त्या चौकोनांत.

लेकीने लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. निळं तळं, मागे टोकदार डोंगर, पाण्यावर रंगीबेरंगी शिडं.

"हा कुठला सुळका?" काकांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

"ज्वालामुखी आहे तो. कोस्टारिकातलं आरेनाल. फेब्रुवारीत आम्ही चौघी इथे जाणार होतो, विंडसर्फिंगला."

"होतो?"

"तिकिटांचे आकडे बघितले आणि 'जाणार आहोत'चं 'होतो' झालं."

विंडसर्फिंग ती गेल्या वर्षी गोव्यात शिकली. मला ते प्रकरण समजायला वेळ लागला. एक लांब फळी, तिच्यावर कुठेही कलेल अशा सांध्याने बसवलेली डोलकाठी, तिला शीड. सुकाणू नाही. शीड पुढे कललं की फळीचं नाक वाऱ्यापासून दूर वळतं, मागे कललं की वाऱ्याकडे. होडीत माणूस बसतो आणि दोर ओढतो. इथे माणूस स्वतःच डोलकाठीचा ताण होऊन उभा असतो. पडला की पुन्हा चढायचं, पाण्यात आडवं झालेलं शीड ओढून उभं करायचं. पहिल्या दिवशी ती छत्तीस वेळा पडली म्हणे. माझी मुलगी हे मोजते, हे कुणाकडून आलं ते सांगायला नको.

"मग मी नकाशा उघडला," ती म्हणाली. "काका, ते तळं नैसर्गिक नाहीच. धरण आहे, विजेसाठी बांधलेलं, १९७९ सालचं. डोंगराळ, पावसाचा मुलूख, आणि वरच्या कड्यावर पवनचक्क्या. मला वाटलं, हे मी कुठेतरी पाहिलंय. मग लक्षात आलं की हे आपल्या घरामागेच आहे. घाटावर ठोकळवाडी, शिरोता, वळवण. खाली मोरबे, पाली-भुतिवली, पळसदरी. तेही उष्ण कटिबंधात, आपणही. एवढं लांब जायचं कशाला? दोन फळ्या भाड्याने आणू, आणि जानेवारीत इथेच चार दिवस काढू."

काकांनी लॅपटॉपवरचं चित्र मोठं करायला सांगितलं. खूप वेळ बघत बसले. मग म्हणाले, "तुम्ही कोस्टारिकालाच जा."

मला वाटलं होतं की ते उलट बोलतील. घरचा माणूस 'इथेच करू' म्हणतो, आणि म्हातारा माणूस त्याला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला धाडतो, हे आमच्याकडे सहसा होत नाही.

"का?"

"चित्रात पाणी दिसतं. वारा दिसत नाही. तू पाणी बघून जागा ठरवलीस."

"पवनचक्क्या दिसतात की! ठोकळवाडीच्या तळ्यावरच्या डोंगरावर रांगच आहे त्यांची. वारा असल्याशिवाय कुणी एवढे पैसे घालतं?"

"कधी फिरतात त्या? जून ते सप्टेंबर. महाराष्ट्रातल्या बहुतेक पवनचक्क्या वर्षाची कमाई पावसाळ्यात करतात. आणि उभ्या कुठे आहेत? डोंगराच्या माथ्यावर, वर उंच खांबावर. तुझी फळी कुठे असणार? खाली, वाटीच्या तळाशी. चारही बाजूंनी डोंगर. वारा कड्यावरून उडी मारतो, आणि तळ्यावर उतरतो तो तुकडे होऊन. कधी डावीकडून झोत, कधी समोरून, मध्येच काही नाही."

लेकीला हे माहीत होतं. उंच अडथळ्यामागे त्याच्या उंचीच्या वीस-तीस पट अंतरापर्यंत वारा गढूळ असतो, असं तिला गोव्यात शिकवलं होतं. शब्द तिचाच, 'गढूळ'. मला तो फार आवडला.

"मग आरेनाल डोंगरात असून तिथे कसा येतो सरळ?"

"ते तूच सांग. तुझ्याकडे नकाशा आहे."

तिने सांगितलं. तिकडे डिसेंबर ते एप्रिल व्यापारी वारे अटलांटिकच्या बाजूने येतात, कॅरिबियन समुद्र ओलांडतात आणि डोंगररांगेतल्या एका खिंडीतून घुसतात. ती खिंड म्हणजेच तळ्याची जागा. त्यामुळे वारा तळ्याच्या लांबीवरून, नळीतून यावा तसा, दिवसच्या दिवस एकाच दिशेने वाहतो. शिडाला हवा असतो तो हाच, जोरापेक्षा सरळपणा.

"आणि आपल्याकडे वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो," काका म्हणाले. "पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून, हिवाळ्यात ईशान्येकडून. ईशान्येचा येतो तो सह्याद्रीच्या पाठीवरून. आपण त्याच्या पोटाशी. जानेवारीत सकाळी दहिवलीच्या पुलावर उभी राहा, उल्हासवरचं धुकं जागचं हलत नाही. त्यात तू शीड उभं करणार?"

इथे मी खाली जाऊन चहा आणला. येईपर्यंत लेकीने हार मानायचं सोडून दुसरी बाजू धरली होती.

"जानेवारी नको. मार्च-एप्रिल. दुपारी खारे वारे येतात ना इथपर्यंत?"

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे. इतक्या वर्षांत घरात ते शब्द कुणी उच्चारले नव्हते. काका खूश झाले, कारण हा प्रश्न बरोबर होता.

"येतात. जमीन तापली की समुद्रावरची हवा आत ओढली जाते. पनवेलच्या खाडीवरून, चौकच्या बाजूने. मार्चपासून मेपर्यंत तीन-साडेतीनला गच्चीवरचे कपडे एकदम पूर्वेकडे उडायला लागतात. सहाला थंड. तेवढा वारा आहे खरा. पण तेव्हा पाणी कुठे आहे?"

पाण्यावर त्यांचा अधिकार आहे. घाटमाथ्यावरच्या तळ्यांत पावसाळ्याचं पाणी साठवायचं, बोगद्यातून आणि लोखंडी पाइपांतून कड्याखाली सोडायचं आणि त्या उडीची वीज करायची. टाटांनी खोपोलीला हे १९१५ मध्ये सुरू केलं, भिवपुरीला १९२२ मध्ये. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. देशावर जायचं पाणी अशा रीतीने कोकणात उतरलं. भिवपुरीच्या यंत्रांतून बाहेर पडणारं पाणी पेज नदीत येतं, त्यातलं काही राजनाल्याने शेतांत जातं, आणि म्हणून कर्जत तालुक्यात उन्हाळ्यातही भाताचा हिरवा तुकडा दिसतो. मुंबईत दुपारी एसी लागले की इथे नदी फुगते, असं काका सांगतात. नवख्या माणसाला ते विनोद वाटतो. पेजच्या काठावर राहणाऱ्याला नाही.

"तर एप्रिलमध्ये," ते पुढे म्हणाले, "वरची तळी खाली गेलेली असतात. किनारा मागे सरतो, चिखल उघडा पडतो. एरवी पाण्याखाली असणारी झाडांची खोडं वर येतात. त्यात कुणाची जाळी. तुझ्या फळीला खाली पातं असतं ना? ते अडकेल. आणि पावसाळ्यात, जेव्हा पाणीही असतं आणि वारा पण, तेव्हा कलेक्टरचा हुकूम असतो. कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर, धरणांवर जायचं नाही."

"म्हणजे पाणी असतं तेव्हा वारा नाही, वारा असतो तेव्हा पाणी नाही, आणि दोन्ही असतात तेव्हा परवानगी नाही."

"हां. आता तू कर्जतची झालीस."

हसून झालं. पण लेकीला ती बंदी टोचली होती. "बंदी कशासाठी? लोक बुडतात म्हणून. का बुडतात? पाणी कळत नाही म्हणून. २०२४ च्या जूनअखेरीस भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली. ती काही खेळाडू नव्हती, सहलीला आलेली होती. आपल्याकडे पाण्याशी नातं दोनच प्रकारचं, एकतर नळाला येतं ते, नाहीतर ज्यात बुडतात ते. मधलं काहीच नाही. जो माणूस लाइफ जॅकेट घालून, वाऱ्याची दिशा बघून, परत कसं यायचं ते आधी ठरवून पाण्यात उतरतो, त्यालाही तीच पाटी दाखवायची?"

"पाटी वाचून माणूस ओळखता येत नाही ना बाळा. चौकीदाराला काय कळणार, कोण शिकलेला आणि कोण पिऊन आलेला?"

"मग शिकवा! एखादं तळं ठरवा, शाळा काढा."

"कुठलं तळं? मोरबे?" काकांचा आवाज बदलला. "ते नवी मुंबईचं पिण्याचं पाणी आहे. अठ्ठ्याऐंशी मीटरला भरलं की पेपरात फोटो येतो, महापौर नारळ सोडतात. त्याच्या वरच्या अंगाला इर्शाळगड आहे. १९ जुलै २०२३ ला रात्री तिथली ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. शेवटी शोध थांबवला. मी त्या बाजूने जातो तेव्हा मला ते पाणी बघवत नाही, त्यावर शीड कुठून सुचणार?"

लेक काही बोलली नाही. खाली रस्त्यावरून भाजीवाल्याची हाळी येत होती.

"आणि तुझ्या त्या आरेनालखाली काय आहे?" जरा वेळाने काकांनी विचारलं.

"गावं आहेत. जुनं आरेनाल आणि त्रोनादोरा. धरणाच्या वेळी हलवली, नवी वसवली." ती प्रामाणिक आहे, तिने ते आधीच वाचलेलं होतं. "तुम्ही मुळशीचं म्हणणार आता."

"म्हणणारच. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. धरण झालंच. मी टाटांच्याच विजेवर बत्तीस वर्षं पगार घेतला, मला बोलायचा फारसा हक्क नाही. पण तळं म्हणजे मोकळी जागा, हे तू मला सांगू नकोस. मे महिन्यात वरच्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन चढतात. त्यांच्यासमोर तुम्ही चौघी पाण्यावर खेळणार?"

"शीड पाणी पीत नाही, काका."

हे इतकं पटकन आलं की काकांचा कप ओठाशीच थांबला.

"खरंच. कर्जतपासून खोपोलीपर्यंत फार्महाउसं मोजा. प्रत्येकाला पोहायचा तलाव. तो पाणी पितो. शीड ना पाणी पितं, ना डिझेल सांडतं. भोपाळचा मोठा तलाव घ्या. राजा भोजाच्या काळातला, आणि आजही भोपाळ शहर त्यातलं पाणी पितं. २०२३ मध्ये हरित लवादाने तिथल्या क्रूझ आणि मोटरबोटी बंद करायला सांगितल्या. इंजिनाच्या. त्याच तलावावर शिडाच्या होड्यांची शाळा आहे. देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर त्या पाण्यावर शिकली आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या एशियाडमध्ये तिने रौप्य मिळवलं, सतरा वर्षांची असताना. तिथेच इबाद अलीला विंडसर्फिंगचं कांस्य मिळालं. पिण्याचं पाणी आणि शीड एका तळ्यात राहू शकतात. आपल्याकडे मात्र कुणी विचारतच नाही. सरळ 'नाही' म्हणायचं, काम संपलं."

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, असं लिहिणं मला सोयीचं आहे. पण तसं नव्हतं. वाऱ्याबद्दल लेक चुकत होती आणि पाण्याबद्दल तिचं बरोबर होतं. भोपाळचं उत्तर काकांकडे नव्हतं. त्यांनी ते द्यायचा प्रयत्नही केला नाही. त्यांनी एकदम दुसरंच काढलं.

"आम्ही इरल्यावर गेलो होतो."

"कशावर?"

इरलं तिने पाहिलेलं नाही. बांबूच्या कामट्यांची चौकट, त्यात पळसाची नाहीतर सागाची पानं दाबून बसवलेली. डोक्यावरून पाठीवर येणारं, उलट्या होडीसारखं. लावणीच्या वेळी वाकून काम करणाऱ्याची पाठ कोरडी राहते आणि दोन्ही हात मोकळे. प्लॅस्टिक आलं आणि इरली गेली.

"मी दहा-अकरा वर्षांचा असेन. केळीचे चार खांब बांधून तराफा केला होता. ओढ्याला पूर येऊन बाजूचं शेत तुडुंब, तळंच झालेलं. मी तराफ्यावर उभा, अंगावर इरलं. मागून पावसाचा झोत आला आणि तराफा निघाला. वल्हं नाही, काठी नाही. मी वाकलो की वळायचा. बांधापर्यंत गेलो सरळ. तिथे आपटलो, इरलं मोडलं, आईने मारलं ते वेगळं."

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने जे सांगितलं ते मलाही ठाऊक नव्हतं. १९५८ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने फळीवर काठी आणि कापड बसवून असाच खेळ केला होता. पुढे अमेरिकेत होइल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक यांनी विंडसर्फिंगच्या फळीचं पेटंट घेतलं. ते ब्रिटनच्या कोर्टात गेलं तेव्हा त्या पोराचा खेळ पुरावा म्हणून पुढे आला, आणि १९८५ मध्ये तिथलं पेटंट रद्दच झालं. गोष्ट आधीच कुणीतरी करून ठेवली होती, मग शोध कसला?

"मला कुणी बोलावलं नाही कोर्टात," काका म्हणाले.

त्यानंतर भांडण भांडणासारखं राहिलं नाही. काकांनी व्यवहाराचे प्रश्न सुरू केले. किती वारा लागतो? नवशिक्याला सात-आठ नॉट पुरतात, ती म्हणाली. फळी पाण्यावर उचलून पळायला लागते ती बाराच्या पुढे, म्हणजे ताशी बावीस किलोमीटरच्या आसपास. पाण्यावर पांढरी टोकं दिसायला लागली की समजायचं. शीड केवढं? वारा कमी असेल तर सात-साडेसात चौरस मीटर, जास्त असेल तर पाच. फळी जाड, दोनशे लिटरच्या घरातली. गोड्या पाण्यात खाऱ्या पाण्यापेक्षा माणूस किंचित जास्त बुडतो, तेही धरायचं. वारा किनाऱ्यावरून आत वाहत असेल तर उतरायचंच नाही, कारण जाणं सोपं आणि येणं कठीण. 'वारा पाहून पाठ द्यावी' ही म्हण काकांनी इथे वापरली. लेकीने ती लगेच दुरुस्त केली, शिडाच्या खेळात वाऱ्याला पाठ दिली की आपण गेलोच.

"पण हे सात-आठ, बारा, इथे आहे का नाही, हे कुठे लिहिलंय?" काकांनी विचारलं.

तिने ॲप उघडलं. त्यात कर्जतचा वारा होता, तासातासाचा. काकांनी ते बंद करायला लावलं. "हे कुठल्या डोंगरावरचं आहे? याला माथेरान दिसतं का? संगणकाला आपलं खोरं सपाट वाटत असेल. पळसदरीच्या तळ्यावर चार वाजता काय असतं ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही."

"मग उभं राहू."

"रोज?"

"रोज नको. गच्चीवरून बघा ना. तुम्ही दूध लिहिताच."

मला वाटतं, सगळ्या दुपारभरात तिने केलेली ही सर्वांत हुशार गोष्ट. काकांना पटवायचं सोडून तिने त्यांना रजिस्टर दिलं.

संध्याकाळपर्यंत जुन्या साडीची हातभर लांब पट्टी गच्चीवरच्या बांबूला बांधून झाली. नियम ठरले. सकाळी दहा, दुपारी एक, चार आणि पाच. पट्टी लोंबकळली तर शून्य, हलली तर एक, निम्मी उचलली तर दोन, आडवी उभी राहिली तर तीन. दिशा बाणाने. दोन आणि तीनचे दिवस लागून आले, तर मार्चमध्ये फळी आणायची का ते बघू, आणि आधी त्या तळ्याच्या मालकाला लेखी विचारू, जो कोणी असेल तो. नाहीच आले, तर चौघी गोव्याला जातील. तिथे समुद्र आहे आणि खारा वारा घरचा आहे. आरेनालचं नाव कुणीच काढलं नाही.

लेक रात्रीच्या गाडीने गेली. स्टेशनवर वडापाव घेताना तिने मला विचारलं, "काका खरंच लिहितील?" मी म्हटलं, "तू त्यांना ओळखत नाहीस."

डिसेंबरचं पान जवळजवळ सगळं शून्य होतं. जानेवारीतही तेच. लेकीचा फोन आला की काका पान वाचून दाखवत, "शून्य, शून्य, एक, शून्य," आणि त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर ऐकू यायचा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो सूर गेला. चारच्या रकान्यात दोन यायला लागले. बाण पूर्वेकडे.

मार्चमधल्या एका गुरुवारी काकांनी स्वतःहून तिला फोन लावला. मी शेजारीच होतो.

"पट्टी आडवी झाली," ते म्हणाले. "चार वाजून दहा मिनिटांनी. मी घड्याळ लावलं. अकरा मिनिटं उभी होती, मग पडली, मग परत सात मिनिटं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. काकांनी गच्चीच्या कठड्यावर हात ठेवून पश्चिमेकडे, माथेरानच्या बाजूला, बराच वेळ पाहिलं. "नाही ग, सरळ नव्हता," ते म्हणाले, "पण गढूळही म्हणता येणार नाही."

मग त्यांनी विचारलं, दोनशे लिटरची फळी आमच्या ओट्यावरच्या दारातून आत येईल का.